काहीच न करण्याचा प्लॉट

माझ्या पीएचडीच्या काळात सर्वांत जास्त वाद झाले ते ज्या जमिनीला मी हातही लावला नव्हता तिच्यावरून. विषय होता घाणेरीने व्यापलेल्या डोंगरउताराचं पुनरुज्जीवन. घाणेरी, म्हणजेच टणटणी, मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातली. शोभेचं झुडूप म्हणून माणसांनीच ती जगभर नेली आणि आज आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलियात तिने अफाट जमीन व्यापली आहे. ती काढायची, मूळच्या वनस्पती आपसूक परत येतात का ते पाहायचं, आणि येत नसतील तर नेमकं काय कमी पडतं ते शोधायचं, एवढाच बेत होता. त्यासाठी उतारावर प्लॉट आखले. काहींतली घाणेरी नुसती काढली. काहींत काढून बी पेरलं. काहींत बियांबरोबर चांगल्या गवताळ माळावरची मूठ-मूठ माती आणून पसरली. आणि काही प्लॉट होते तसे सोडून दिले. या शेवटच्यांना आम्ही कंट्रोल म्हणतो. आसपासची जमीन साफ झाल्यावर ते गचपण फारच डोळ्यांवर यायचं. येणारा-जाणारा हमखास विचारायचा, "हे राहिलं का?"

राहिलं नव्हतं, ठेवलं होतं. पण हे पटवून देणं घाणेरी उपटण्यापेक्षा जड गेलं.

गाईडबरोबरच्या पहिल्या बैठकीला मी कुठल्या जाती लावायच्या याची यादी घेऊन गेले होते. मॅडमनी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "समजा, तुझ्या उतारावर दोन पावसाळ्यांनी गवत वाढलं. ते तू केलेल्या कामामुळे वाढलं की पाऊस चांगला झाला म्हणून, हे कसं सांगशील?" त्यावर त्यांनी वाचायला दिला तो 2005 साली 'सायन्स' या शास्त्रीय नियतकालिकात आलेला एक निबंध. एमिली बर्नहार्ट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नदी-पुनरुज्जीवनाच्या 37,000 हून अधिक प्रकल्पांच्या नोंदी गोळा केल्या होत्या. 1990 पासून या कामांवर किमान 14 अब्ज डॉलर खर्च झाले असा त्यांचा अंदाज. आणि कामानंतर काय झालं हे तपासल्याची, मोजल्याची काही तरी नोंद असलेले प्रकल्प? जेमतेम 10 टक्के. बाकीच्या नद्या सुधारल्या की नाही हे कुणी पाहिलंच नाही. पाहिलं असलं तरी लिहून ठेवलं नाही.

यातून विद्यापीठीय संशोधनाचं काम काय ते माझ्यापुरतं स्पष्ट झालं. झाडं लावायला, बंधारे घालायला, झुडपं काढायला संशोधकाची गरज नसते. ती कामं इतर लोक आमच्यापेक्षा चांगली आणि स्वस्तात करतात. पण आपण काहीच केलं नसतं तर इथे काय झालं असतं, हा प्रश्न विचारणं आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत जमिनीचा एक तुकडा राखून ठेवणं हे दुसरं कुणी करत नाही. ते कुणाच्याच उद्दिष्टात बसत नाही.

त्याआधी ठरवायचं होतं की जमीन परत न्यायची ती कशाकडे. या क्षेत्रात 'संदर्भ परिसंस्था' शोधावी लागते, म्हणजे बिघडण्याआधी ही जागा जशी होती तिच्या जवळ जाणारं, अजून शाबूत असलेलं ठिकाण. यात एक सापळा असतो. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनिअल पॉली यांनी 1995 मध्ये तो माशांच्या बाबतीत दाखवून दिला: प्रत्येक पिढी आपण तरुणपणी जे पाहिलं तेच मूळ समजते आणि तिथपासूनची घट मोजते, त्यामुळे आधीच गमावलेलं हिशेबातच येत नाही. आमच्या उतारावर हे अगदी तंतोतंत लागू होतं. जमीन ज्या सरकारी खात्याची, त्याच्या कागदावर ती जागा 'ऱ्हास झालेलं जंगल' होती. आता एकदा जंगल म्हटलं की रोपं आणि खड्डे ओघाने आलेच.

मी जुने सर्वेक्षण-नकाशे काढले, हवाई छायाचित्रं मागवली, हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात, बसून त्या भागातून पूर्वी गोळा केलेल्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या उतरवल्या. चिठ्ठीवर वनस्पतीच्या नावाखाली 'उघडा उतार', 'गवतात' असं लिहिलेलं असतं. त्या दोन शब्दांची किंमत तिथे बसल्यावर कळते. उतारावर आयुष्यभर गुरं चारलेले एक काका होते. त्यांना मी विचारलं, इथे पूर्वी कुठली झाडं होती? ते म्हणाले, "झाडं कुठली, बाई? झाडं खाली, ओढ्याच्या कडेला. वर गवत. गुरू आत शिरलं की शिंगं तेवढी दिसायची." नकाशे, चिठ्ठ्या आणि काका तिघंही एकच सांगत होते. ही जागा मुळात विरळ झाडांची गवताळ जमीन होती.

याच सुमारास जगभर झाडं लावण्याची मोठी लाट आली होती. 2019 मध्ये 'सायन्स'मध्येच एक अंदाज छापून आला की पृथ्वीवर आणखी 90 कोटी हेक्टरांवर झाडांचं छत्र वाढू शकतं आणि त्यात सुमारे 205 अब्ज टन कार्बन साठू शकतो. बातम्यांनी तो डोक्यावर घेतला. काही महिन्यांतच त्याच नियतकालिकात त्यावर आक्षेप आले. जोसेफ वेल्डमन आणि अनेक सहलेखकांनी दाखवलं की हा आकडा जवळपास पाच पट फुगलेला आहे. जिथे नैसर्गिकपणे गवतच असायला हवं अशा माळांवरही त्यात झाडं धरली होती आणि गवताळ जमिनीच्या मातीत आधीच साठलेला कार्बन पुरेसा मोजला नव्हता. मला या वादाची मजा वाटली ती वेगळ्याच कारणाने. छापून आलेल्या निष्कर्षावर त्याच पानांवरून कुणी तरी उलटून बोलतं आणि ते बोलणंही तितक्याच गंभीरपणे छापलं जातं. शास्त्राची विश्वासार्हता मला पहिल्या निबंधापेक्षा या दुसऱ्या फेरीत जास्त दिसते. बातमी मात्र पहिल्या फेरीचीच होते.

तर आमच्या यादीतून रोपं गेली आणि बहुवर्षायू गवतं आली.

मग मातीत आधीपासून काय पडून आहे ते पाहायचं होतं. घाणेरीखालची माती वरच्या काही सेंटीमीटरांतून उचलायची, चाळायची, ट्रेमध्ये निर्जंतुक वाळूवर पातळ थर पसरायचा, जाळीखाली ठेवून रोज पाणी द्यायचं आणि उगवेल ते रोप ओळखून उपटायचं. ओळखू आलं नाही तर कुंडीत लावून फुलाची वाट पाहायची. हे काम महिनोन् महिने चालतं आणि त्यात सांगण्यासारखं काही घडत नाही. बी मातीत किती काळ टिकतं याचा सगळ्यात चिवट प्रयोग मिशिगनमध्ये चालू आहे. विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1879 मध्ये वाळूत मिसळलेलं बी भरून 20 बाटल्या पुरल्या. ठरावीक काळाने एकेक बाटली उकरतात. 2021 मध्ये काढलेल्या बाटलीतलं बीही उगवलं. पण हा टिकाऊपणा सगळ्या वनस्पतींना नसतो. आमच्या ट्रेमध्ये गाजरगवत उदंड आलं, इतर वार्षिक तणंही आली. ज्या बहुवर्षायू गवतांची वाट पाहत होतो त्यांची रोपं अगदीच नाममात्र. त्यांचं बी फार काळ जिवंत राहत नाही, आणि घाणेरीच्या दाट सावलीत कित्येक वर्षं नवं बी पडलंच नव्हतं. म्हणजे घाणेरी हटवली तर गवत आपलं आपण येईल ही आशा प्लॉट आखण्याआधीच डळमळली होती. तरी तो प्रयोग ठेवायचा होता, कारण सगळीकडे प्रत्यक्षात होतं ते तेवढंच: काढणी.

प्लॉट आखण्याच्या पद्धतीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण अनेक चांगल्या कामांचा दावा नेमका इथेच कोसळतो. 1984 मध्ये स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी परिसंस्थाशास्त्रातले 176 प्रायोगिक अभ्यास तपासले. अनुमानाचं संख्याशास्त्र, म्हणजे नमुन्यांवरून निष्कर्ष काढण्याचं गणित, वापरणाऱ्यांपैकी 48 टक्क्यांत त्यांना एकच चूक दिसली. एका तळ्यात खत टाकलं, दुसऱ्यात नाही, आणि प्रत्येकातून भरपूर नमुने घेऊन ते स्वतंत्र पुरावे असल्यासारखे मोजले. नमुने कितीही घ्या, तळी दोनच. त्या दोन तळ्यांत खताशिवाय इतरही हजार फरक असू शकतात. म्हणून आम्ही उतार आडव्या पट्ट्यांत विभागला. वर माती उथळ आणि दगडाळ, खाली खोल. प्रत्येक पट्ट्यात प्रत्येक उपचाराचा (नुसती काढणी, पेरणी, पेरणी आणि माती) एक प्लॉट, कंट्रोल धरून. कुठला प्लॉट कशासाठी हे चिठ्ठ्या उचलून ठरवलं. ज्याला आपण कष्टाने आखलेली योजना म्हणतो तिचा हा कणा असतो आणि तो चिठ्ठ्यांवर उभा असतो, हे बाहेरच्या माणसाला जरा पोरकट वाटतं.

जमीन सरकारी खात्याची. तिथल्या साहेबांचा काढणीला विरोध नव्हता, उलट घाई होती. त्यांना वर्षअखेर किती हेक्टर साफ केलं ते दाखवायचं होतं. कंट्रोल म्हणजे त्यांच्या दृष्टीने अपुरं राहिलेलं काम. ते म्हणाले, "ठेवा ना तुमचे नमुने. पण मागच्या बाजूला ठेवा. रस्त्यावरून दिसतील असे नकोत." मागणी साधी होती, पण मान्य करता येत नव्हती. रस्त्याकडच्या बाजूला गुरांची ये-जा जास्त, मागच्या बाजूला कमी. सगळे कंट्रोल मागे नेले तर आम्ही घाणेरीचा परिणाम मोजतोय की गुरांचा, हे कळायला मार्ग उरला नसता.

मी त्यांना एक छायाचित्र दाखवलं. कॅनडात 1968 पासून तलावांवर प्रयोग करण्यासाठी राखून ठेवलेलं एक क्षेत्र आहे. तलाव हिरवेगार होऊन सडतात ते कशामुळे, यावर तेव्हा मोठा वाद होता: कार्बन, नायट्रोजन की फॉस्फरस? डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये 226 क्रमांकाच्या तलावाला, मध्ये तो अरुंद होतो तिथे, पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातलं, दुसऱ्यात तेच आणि वर फॉस्फरस. विमानातून घेतलेल्या फोटोत एक बाजू काळसर स्वच्छ दिसते, दुसरी शेवाळाने हिरवी. डिटर्जंटमध्ये फॉस्फेट वापरू द्यायचं की नाही या भांडणात शंभर पानी अहवालांना जमलं नाही ते त्या एका फोटोने केलं. साहेब फोटोकडे बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "म्हणजे ही काळी बाजू नसती तर हिरव्या बाजूला काही अर्थ नव्हता." मला जे सांगायला अर्धा तास लागला असता ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. कंट्रोल चिठ्ठीत आले तिथेच राहिले. बदल्यात मी लिहून दिलं की अभ्यास संपल्यावर ते साफ केले जातील.

दुसरी अडचण खरी आणि शास्त्रीय होती. घाणेरीची फळं पक्षी खातात आणि बी दूरवर टाकतात. शेजारी भरलेला कंट्रोल ठेवणं म्हणजे साफ केलेल्या प्लॉटला बियांचा पुरवठा चालू ठेवणं. यावर पूर्ण तोडगा नाही. आम्ही प्लॉटांमध्ये रुंद मोकळे पट्टे ठेवले आणि प्रत्येक प्लॉटच्या कडेचा भाग मोजणीतून वगळला. पक्ष्यांनी टाकलेल्या बियांची वेगळी मोजणीही केली, म्हणजे निदान त्रुटी किती मोठी ते सांगता यावं.

कापण्याआधी एक पूर्ण हंगाम आम्ही फक्त मोजत होतो. मॅडमनी यावर अजिबात तडजोड केली नाही. कामाच्या आधी आणि नंतर, केलेल्या आणि न केलेल्या अशा दोन्ही जागी मोजणी असेल तरच बदलाचं श्रेय कुणाला द्यायचं ते कळतं. त्या हंगामात खात्यातून फोन यायचे, "सुरुवात कधी?" सुरुवात झालेलीच होती, दिसत नव्हती एवढंच.

काढणीसाठी दिल्ली विद्यापीठातले सी. आर. बाबू आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेली पद्धत वापरली. घाणेरी नुसती वरून तोडली की बुंध्यातून दुप्पट फुटते. फुटवे येतात ते बुंधा आणि मूळ यांच्या सांध्यावरून. म्हणून कुदळीने जमिनीखाली काही सेंटीमीटर जाऊन मुख्य मूळच तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे बुंधा मातीला टेकून पुन्हा धरत नाही. काम करणाऱ्या बायकांना ही युक्ती दाखवली तेव्हा त्यातली एक म्हणाली, "हे तर आम्ही बांधावर करतोच की." शोधनिबंधाच्या पद्धती-विभागात हे वाक्य घालायला जागा नसते, पण असायला हवी.

पहिल्या पावसानंतर साफ केलेले प्लॉट हिरवे झाले आणि फोटोंची झुंबड उडाली. लांबून दृश्य सुंदर होतं. जवळ जाऊन एक मीटर चौरसाची चौकट टाकून बसलं की दिसायचं, हिरव्यातलं बरंचसं गाजरगवत आणि रानमोडी. एक घुसखोर काढला की मोकळ्या झालेल्या उजेडात आणि मातीत दुसरे घुसतात. शास्त्रीय साहित्यात याच्या भरपूर नोंदी आहेत आणि तरीही प्रत्येक ठिकाणी लोकांना ते नवीन असतं. चौकटीत कुठली जात किती टक्के जागा व्यापते हा अंदाज डोळ्यांनी करायचा असतो, आणि डोळे माणसागणिक वेगळे. म्हणून काही चौकटी दोघांनी एकमेकांना न सांगता मोजायच्या आणि मग आकडे ताडून पाहायचे. माझी सहकारी गवतांना नेहमी माझ्यापेक्षा जास्त गुण द्यायची. हा फरक कळल्यावर आम्ही प्रत्येक पट्टा दोघींत सारखा वाटून घेतला, जेणेकरून तिचा आशावाद एकाच उपचाराच्या पदरात पडू नये.

मधल्या काळात एका उत्साही स्वयंसेवी गटाने सुट्टीच्या दिवशी श्रमदान केलं आणि एक कंट्रोल साफ करून टाकला. खुणेचे खांब होते, फलक होता. त्यांचा हेतू उत्तम होता, मला त्यांनी अभिमानाने आधीचे आणि नंतरचे फोटोही पाठवले. रागावून काय करणार? अशा वेळी तो प्लॉट गुपचूप यादीतून गाळण्याचा मोह होतो. आम्ही तारखेसह नोंद केली, विश्लेषण तो प्लॉट धरून आणि वगळून असं दोन्ही प्रकारे केलं आणि दोन्ही निकाल छापले. निष्कर्ष बदलला नाही. बदलला असता तर तेच लिहावं लागलं असतं.

नंतर एक वर्ष पाऊस फार चांगला झाला. पेरलेल्या प्लॉटमध्ये गवताने एकदम मुसंडी मारली. त्या वर्षी कुणी उतार पाहून गेला असता तर प्रकल्प सपशेल यशस्वी म्हणाला असता. पण कंट्रोलमध्येही झुडपांच्या फटीफटीतून गवत वर आलं होतं. त्या वाढीइतका भाग आमच्या यशातून वजा करावा लागला. उरलं ते पुरेसं होतं, पण फोटोत दिसत होतं त्यापेक्षा बरंच कमी. कंट्रोल नसता तर पावसाची सगळी कमाई मी माझ्या नावावर जमा केली असती, तेही पूर्ण प्रामाणिकपणे.

शेवटी हाती आलं ते असं. नुसत्या काढणीने वनस्पतींच्या जातींची संख्या वाढली, पण वाढ बहुतेक तणांची होती. जाती मोजून विविधता सुधारली असं लिहिणं सोपं होतं आणि फसवं. बी पेरलेल्या प्लॉटमध्ये गवत धरलं, मात्र जिथे माती शिल्लक होती तिथेच. वरच्या दगडाळ पट्ट्यात बी वाहून गेलं. आणलेल्या मातीचा परिणाम ठामपणे सांगता येईल इतका दिसला नाही. नेदरलँड्समध्ये अशा माती-विरजणाने पुनरुज्जीवनाची दिशा ठरवता येते असं 2016 मध्ये प्रसिद्ध झालं होतं, आणि मला त्याच निकालाची फार हौस होती. तिथे आधी वरचा मातीचा थर काढलेले प्लॉट होते, आमच्याकडे नव्हते. हे कारण असू शकतं, एवढंच म्हणता येतं.

निबंध पाठवला तेव्हा छापण्याआधी तो तपासणाऱ्या एका रिव्ह्यूअरने सुचवलं की मातीचा भाग परिशिष्टात टाका, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आम्ही तो मुख्य मजकुरात ठेवला. काही झालं नाही असे निकाल परिशिष्टात किंवा कपाटात जातात, म्हणून तर पुढचा माणूस पुन्हा तोच खर्च करतो. दुसऱ्या रिव्ह्यूअरचा आक्षेप मात्र बिनतोड होता: अभ्यासाचा काळ फार तोकडा आहे.

खरंच तोकडा होता. 2012 मध्ये डेव्हिड मोरेनो-मातेओस आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या 621 पाणथळ जागांची माहिती एकत्र केली. पुनरुज्जीवन होऊन शतक उलटलेल्या ठिकाणीही वनस्पती-प्राण्यांची रचना संदर्भ जागांपेक्षा सरासरी 26 टक्क्यांनी मागे होती, आणि मातीतल्या कार्बनसारख्या गोष्टी 23 टक्क्यांनी. विस्कॉन्सिन विद्यापीठाने 1930 च्या दशकात नांगरलेल्या जमिनीवर गवताळ प्रेअरी पुन्हा उभी करायला घेतली. ते काम आजही चालू आहे आणि शहरातून वाहून येणाऱ्या पावसाच्या पाण्याबरोबर तिथेही एक घुसखोर गवत पसरलं. न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूक जंगलात 1963 पासून ओढ्यांचं पाणी नियमित तपासलं जातं. अमेरिकेतल्या आम्लपर्जन्याचा पुरावा तिथल्या नोंदींतून आला. 1990 मध्ये हवाप्रदूषणाचा कायदा कडक झाला, पाऊस सुधारू लागला, तरी ओढे अपेक्षेइतक्या लवकर सुधारेनात. कारण सापडलं ते जुन्या आकड्यांत: आम्लाने मातीतलं कॅल्शियम धुऊन नेलं होतं. मग 1999 मध्ये एका पाणलोटावर हेलिकॉप्टरने कॅल्शियमयुक्त खनिज टाकून पाहिलं गेलं. आणि हे कळायला शेजारचा एक पाणलोट इतकी दशकं हात न लावता ठेवलेला होता. पीएचडीची फेलोशिप या मापात कुठेच बसत नाही. गवताला ज्या गतीने वाढायचं असतं त्या गतीने अनुदान संपत नाही. ते मार्चमध्ये संपतं.

कधी कधी दैव साथ देतं. कोस्टा रिकात डॅनिअल जॅन्झेन आणि विनी हॉलवॉक्स या संशोधक दांपत्याच्या पुढाकाराने एका रसाच्या कारखान्याची सुमारे 12,000 टन संत्र्याची सालं 1990 च्या दशकात पडीक कुरणाच्या 3 हेक्टरांवर टाकली गेली. खटला झाला, काम बंद पडलं, विषय मागे पडला. सुमारे 16 वर्षांनी एक विद्यार्थी तिथे पोचला तर इतकं रान माजलं होतं की जागाच सापडेना. रस्त्यापलीकडे सालं न टाकलेलं कुरण तसंच होतं, म्हणून तुलना तरी झाली: झाडोऱ्याचं वस्तुमान 176 टक्क्यांनी जास्त. हर्लबर्टना विचाराल तर ते म्हणतील, प्लॉट एकच आहे. बरोबरच आहे. तरी मला हा अभ्यास आवडतो.

निबंध यथावकाश छापून आला. खरं काम त्यानंतर होतं: खात्यात जाऊन निकाल सांगायचा. आधीच्या साहेबांची बदली झाली होती. नव्यांनी स्लाइड दोन-तीनच पाहिल्या आणि म्हणाले, "मला एका ओळीत सांगा, काय करू?" संशोधकाला ही विनंती नकोशी होते, कारण आमचं प्रत्येक वाक्य 'या परिस्थितीत' आणि 'इतक्या काळापुरतं' असं संपतं. पण माणूस उद्या मजूर लावणार असतो. त्याला ओळच हवी. मी म्हटलं, "जेवढं बी हातात आहे तेवढीच घाणेरी काढा." म्हणजे आधी शाबूत माळांवरून गवताचं बी जमवायचं, मग त्याच्या हिशेबाने काढणीचं क्षेत्र ठरवायचं. आजवर क्षेत्र आधी ठरत होतं आणि बियांचा विचार झालाच तर शेवटी.

त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग शांतपणे सांगितलं की याने त्यांचे हेक्टर कमी होतात आणि उद्दिष्ट वरून येतं, ते कमी करणं त्यांच्या हातात नाही. मला त्यांचा राग आला नाही. हेक्टर मोजणं सोपं आहे, आणि जे सोपं तेच मोजलं जातं. आमच्या क्षेत्रातही निबंधांची संख्या मोजतातच.

कंट्रोल साफ करण्याचं लेखी वचन होतं. मी ते निम्म्या प्लॉटांपुरतं पाळलं आणि बाकीचे पुढच्या विद्यार्थ्यासाठी राहू द्यावेत असा अर्ज केला. तो मंजूर झाला, अट एवढीच की मोजणीचा खर्च विद्यापीठाने करायचा. विद्यापीठाकडे त्यासाठी वेगळं खातं नाही. सध्या पदव्युत्तर वर्गाची क्षेत्रभेट दर वर्षी तिथेच नेतो आणि मुलं चौकटी टाकतात. नवशिक्या डोळ्यांचा आकडा थोडा सैल असतो, पण सलग असतो.

यंदा कामाचा आराखडा करताना खात्याने पहिल्यांदाच पत्र पाठवून विचारलं की बियांचा साठा किती आहे. आम्ही कळवला. तो कमी पडत होता. क्षेत्र मात्र होतं तेवढंच राहिलं, आणि उरलेल्या भागासाठी बी विकत घ्यायचं ठरलं. ते कुठल्या जातींचं असावं आणि किती लांबून आणलेलं चालेल, यावर अजून पत्रव्यवहार चालू आहे.